२२० केव्ही दुहेरी वाहिनी : कॅरियर संरक्षणाच्या वेळा ठरवण्याच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी बेळगावच्या सीमाभागातील एका पारेषण वाहिनीच्या कामाच्या आहेत. उपकेंद्रांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. बेळगाव शहराच्या बाजूचे ते पूर्व टोक आणि घाटाच्या बाजूचे ते पश्चिम टोक, असा उल्लेख सर्वत्र केला आहे. वाहिनी ६२ किलोमीटर लांब असून दोन्ही सर्किटे एकाच मनोऱ्यांवरून जातात. बिघाड ओळखून ब्रेकरला उघडण्याचा, म्हणजे ‘सुटण्याचा’, हुकूम देणारे यंत्र ते रिले. दोन टोकांचे रिले वाहिनीच्याच तारांवरून एकमेकांना जो संकेत पाठवतात तो कॅरियर.

१९ मे

काल संध्याकाळी वळिवाने खानापूरच्या बाजूला जोरदार हजेरी लावली. विजांच्या त्या कडकडाटात पहिल्या सर्किटवर पश्चिम टोकापासून सुमारे चार किलोमीटरवर दोन फेजमध्ये बिघाड झाला आणि ते सर्किट दोन्ही टोकांना सुटले. इथपर्यंत सारे नियमाप्रमाणे झाले. परंतु त्याच वेळी, ज्याच्यावर काहीही बिघाड नव्हता ते दुसरे सर्किटही पश्चिम टोकाला सुटले आणि त्या उपकेंद्राचा संपूर्ण भार उरलेल्या एकाच वाहिनीवर येऊन पडला. चालकांनी प्रसंगावधान राखून काही फीडर हाताने बंद केले, म्हणून ती वाहिनी वाचली.

आज सकाळी हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. कारण शोधणे, कॅरियर संरक्षणाच्या सर्व वेळा नव्याने तपासणे आणि अर्थवायरच्या पोटातून आलेली प्रकाशतंतूची केबल यथावकाश संरक्षणासाठी वापरात आणणे, असे कामाचे तीन भाग आहेत.

त्या पट्ट्यातील जमिनीविषयी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. जांबोटी आणि कणकुंबीच्या वाटेवर जांभ्याचा कातळ आहे, तिथे मनोऱ्याच्या पायाचा भूरोध कमी राखणे फार कठीण जाते. मनोऱ्यावर किंवा अर्थवायरवर वीज पडली की मनोऱ्याचाच विद्युतदाब चढतो आणि इन्सुलेटरवरून उलटी ठिणगी फेजच्या तारेवर जाते. म्हणून या टोकाजवळ बिघाड होणे ही अपवादाची गोष्ट नाही. संरक्षणाची आखणी करताना तोच नेहमीचा प्रसंग धरला पाहिजे.

२० मे

दोन्ही टोकांच्या चारही रिलेंमधून बिघाडाच्या नोंदी उतरवून घेतल्या. त्या शेजारीशेजारी ठेवताच पहिली अडचण समोर आली. पश्चिम टोकाचे घड्याळ पूर्व टोकापेक्षा ३४० मिलिसेकंदांनी मागे होते. जीपीएस घड्याळाच्या अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरले होते आणि घड्याळ कित्येक दिवस स्वतःच्याच अंदाजाने चालत होते. पन्नास हर्ट्झच्या आपल्या ग्रिडवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही चूक सतरा आवर्तनांची झाली. अशा घड्याळावर विसंबून कोण आधी आणि कोण नंतर सुटले हे ठरवणे अशक्य होते. त्यामुळे बिघाडाचा प्रवाह ज्या क्षणी उसळला तो क्षण चारही नोंदींत शून्य धरला आणि पुढचे सारे त्यावरून मोजले.

पश्चिम टोकाच्या पहिल्या सर्किटच्या रिलेने बिघाड झोन १ मध्ये, म्हणजे वाट न पाहता सुटण्याच्या टप्प्यात, पाहिला आणि १९ व्या मिलिसेकंदाला सुटण्याचा व कॅरियर पाठवण्याचा असे दोन्ही हुकूम एकदम दिले. तिथल्या ब्रेकरने पुढच्या ४३ मिलिसेकंदांत, म्हणजे ६२ व्या मिलिसेकंदाला प्रवाह तोडला. पूर्व टोकापासून हा बिघाड ५८ किलोमीटरवर होता, आणि तिथला झोन १ वाहिनीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे पन्नास किलोमीटरांच्या किंचित अलीकडेच संपतो. त्यामुळे पूर्वेच्या रिलेला पश्चिमेच्या संमतीची, म्हणजे तिकडच्या रिलेलाही बिघाड दिसत असल्याचे सांगणाऱ्या कॅरियरची, वाट पाहावी लागली. ती संमती ४१ व्या मिलिसेकंदाला पोचली, ४३ व्या मिलिसेकंदाला सुटण्याचा हुकूम निघाला आणि तिथल्या जुन्या ब्रेकरने ५२ मिलिसेकंद घेऊन ९५ व्या मिलिसेकंदाला प्रवाह तोडला.

आता निरोगी दुसरे सर्किट पाहू. पहिले ६२ मिलिसेकंद त्यातून प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत होता. पूर्वेच्या रिलेला बिघाड पुढे, म्हणजे वाहिनीच्या दिशेला, दिसत होता, पश्चिमेच्या रिलेला तो पाठीमागे, म्हणजे उपकेंद्राच्या दिशेला, दिसत होता. पूर्वेने नियमाप्रमाणे संमतीचा कॅरियर पाठवला आणि पश्चिमेने, बिघाड पाठीमागे असल्याने, योग्य रीतीने तो दुर्लक्षिला. परंतु ६२ व्या मिलिसेकंदाला पहिल्या सर्किटचा पश्चिमेचा ब्रेकर उघडताच बिघाडाला जाणारी वाट बदलली. पश्चिमेचा प्रवाह आता दुसऱ्या सर्किटमधून उलटा पूर्वेकडे निघाला आणि तिथून पहिल्या सर्किटमध्ये शिरू लागला. जो बिघाड पश्चिमेच्या रिलेला पाठीमागे दिसत होता, तो आता पुढे दिसू लागला, आणि पूर्वेची आधीची संमती अजून मागे घेतली गेलेली नव्हती.

दुहेरी वाहिन्यांवर काम करणाऱ्यांना हा प्रसंग परिचित आहे. त्यासाठीच रिलेमध्ये करंट रिव्हर्सल गार्ड नावाचा टायमर असतो. प्रवाह उलटल्यावर काही काळ तो संमतीवरून सुटणे रोखून धरतो, आणि तो इथेही चालू होता. तरीही सर्किट सुटले, म्हणजे प्रश्न वेळेच्या आकड्यात आहे.

२२ मे

कारण सापडले.

गार्ड टायमर २० मिलिसेकंदांवर ठेवलेला होता. पश्चिमेच्या रिलेतील पाठीमागचे तत्त्व, म्हणजे पाठीमागचा बिघाड ओळखणारा भाग, प्रवाह उलटल्यावर १३ मिलिसेकंदांनी, म्हणजे ७५ व्या मिलिसेकंदाला सुटले (तत्त्व सुटणे म्हणजे त्याला बिघाड दिसेनासा होणे) आणि गार्ड तिथून २० मिलिसेकंद, म्हणजे ९५ पर्यंत टिकला. पूर्वेच्या रिलेतील पुढचे तत्त्व १६ मिलिसेकंदांनी, ७८ व्या मिलिसेकंदाला सुटले आणि त्याने कॅरियर पाठवणे थांबवले. वाहिनीवरून कॅरियर उतरायला १४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पश्चिमेकडे संमती ९२ व्या मिलिसेकंदाला नाहीशी व्हायला हवी होती. तसे झाले असते तर तीन मिलिसेकंदांच्या फरकाने का होईना, दुसरे सर्किट वाचले असते. पश्चिमेच्या नोंदीत मात्र ती संमती १४२ व्या मिलिसेकंदापर्यंत टिकलेली दिसते.

जास्तीचे हे ५० मिलिसेकंद रिलेच्या सेटिंगमध्ये कुठेच नव्हते. दुपारी कॅरियरच्या पॅनेलवर बसून प्रोटेक्शन कपलरची, म्हणजे रिलेचा हुकूम कॅरियरवर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राची, मांडणी वाचून घेतली, तेव्हा परमिसिव्ह (संमतीच्या) कमांडच्या निर्गमावर ५० मिलिसेकंदांची मुदतवाढ आढळली. आलेली कमांड उतरली तरी कपलर आपला संपर्क पुढचे ५० मिलिसेकंद धरून ठेवतो, असा तिचा अर्थ. समोरचा ब्रेकर थेट सोडणाऱ्या डायरेक्ट ट्रिपच्या कमांडवर अशी मुदतवाढ आवश्यकच असते, कारण तिथे ब्रेकर नक्की सुटावा हाच हेतू असतो. परमिसिव्ह कमांडवर, आणि तीही दुहेरी वाहिनीवर, ती घातक ठरली.

कोणा एका माणसावर दोष ठेवावा असे हे प्रकरण मला वाटत नाही. रिलेचे सेटिंग एका कार्यालयातून आले, कपलर बसवणाऱ्यांनी आपल्या नमुन्याप्रमाणे मुदतवाढ ठेवली, आणि दळणवळण पाहणाऱ्यांनी वाहिनी सुरळीत असल्याचे प्रमाणपत्र दिले. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बिघाडाच्या वेळी या तिन्ही कागदांवरचे मिलिसेकंद एकाच साखळीत जोडले जातात, आणि त्या साखळीची बेरीज कुठल्याही कागदावर केलेली नव्हती. या कामात माझा सारा भर त्या बेरजेवर राहील.

२३ मे

शटडाउन मिळाला नाही. जीपीएसची अँटेना केबल बदलून घेतली, दोन्ही टोकांची घड्याळे आता एका मिलिसेकंदाच्या आत जुळतात.

२६ मे

आज पूर्ण दिवस वाहिनीचा वेळ मोजण्यात गेला, आणि या नोंदींत मला सर्वांत अधिक तपशील इथेच द्यावासा वाटतो, कारण सेटिंगच्या तक्त्यात हा आकडा बहुधा माहितीपत्रकावरून उतरवला जातो.

कपलरच्या माहितीपत्रकावर परमिसिव्ह कमांडचा वेळ १४ मिलिसेकंद दिलेला आहे. तो खोटा नाही, पण तो कपलरच्या आत शिरण्यापासून समोरच्या कपलरच्या बाहेर पडण्यापर्यंतचाच आहे. रिलेला लागणारा वेळ याहून मोठा असतो. दोन्ही टोकांना जीपीएसशी जुळवलेले टेस्ट सेट, म्हणजे रिलेला बनावट बिघाड दाखवणारी यंत्रे, लावली, पूर्वेच्या रिलेच्या तत्त्वाने निर्णय घेतल्याचा क्षण आणि पश्चिमेच्या रिलेने कॅरियर आल्याची नोंद केल्याचा क्षण यांतला फरक वीस वेळा मोजला, तो २१ ते २३ च्या दरम्यान, सरासरी २२ मिलिसेकंद आला. मग एकेक टप्पा वेगळा काढला. पाठवणाऱ्या बाजूला रिले आणि कपलर यांच्यामध्ये एक सहायक रिले आहे, त्याचे ४ मिलिसेकंद. कपलरच्या निवेशावर (हुकूम आत येतो त्या जोडणीवर) खोट्या ठिणगीपासून बचावासाठी २ मिलिसेकंदांचा विलंब. कपलर आणि वाहिनी मिळून १४. घेणाऱ्या रिलेच्या निवेशावरील पडताळणी आणखी २. बेरीज बरोबर २२ भरते.

सहायक रिलेचे ४ मिलिसेकंद वाचवता येतील, कारण नव्या रिलेचे संपर्क कपलरला थेट जोडता येतात आणि मध्ये सहायक रिले ठेवण्याचे आज काही कारण उरलेले नाही. कपलरच्या निवेशावरचे २ मिलिसेकंद मात्र मी काढणार नाही. बॅटरीच्या तारा यार्डातून शंभर-दीडशे मीटर फिरून येतात, आयसोलेटर (वाहिनी वेगळी करणारा यार्डातला स्विच) उघडताना त्यांत क्षणभर विद्युतदाब उसळतो, आणि तो कमांड समजला गेला तर आजच्यापेक्षा वाईट प्रसंग ओढवेल.

चाचणीच्या वेळी पूर्व टोकाला मी होतो आणि पश्चिम टोकाला तिथल्या सहायक अभियंता. त्या कन्नडभाषक आहेत, माझे कन्नड कामापुरते आहे आणि त्यांचे मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरेच चांगले आहे. फोनवर मी कमांडचा क्रमांक सांगत असे आणि कमांड पोचताच त्या ‘बंतु’ (आली) म्हणत. पाचव्या वेळी त्यांनी आपणहून विचारले, “सर, कमांड आल्याचं मी सांगते, पण गेल्याचं कोण मोजणार? त्या दिवशी तर ती गेलीच नव्हती ना?” प्रश्न अगदी मर्मावरचा होता. चाचणीच्या छापील तक्त्यात कमांड पोचण्याच्या वेळेचा रकाना होता, कमांड उतरण्याच्या वेळेचा नव्हता. पुढच्या पंधरा चाचण्यांत दोन्ही वेळा लिहिल्या. मुदतवाढ वगळता उतरण्याचा वेळ १३ ते १७ मिलिसेकंद आला. तक्त्यात तो रकाना आता कायमचा घातला आहे.

२८ मे

कपलर अधिक जलद का करू नये, असा प्रश्न आजच्या बैठकीत आला. कपलरच्या मांडणीत तशी सोय आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवतो.

कॅरियर ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, वाहिनीच्याच तारांवरून जातो. वेव्ह ट्रॅप त्याला बसबारकडे, म्हणजे उपकेंद्रातील सामाईक तारांकडे, जाण्यापासून अडवतो आणि सीव्हीटीतील (विद्युतदाब मोजण्यासाठी वाहिनीवर बसवलेल्या यंत्रातील) संधारित्र त्याला यार्डातून कॅरियरच्या खोलीत आणते. तारांवर कोरोनाची खरखर सतत असते, आणि ब्रेकर किंवा आयसोलेटर चालवताना तिथे याच पट्ट्यात मोठा गोंगाट उठतो. एरवी कपलर गार्डचा सूर अखंड पाठवत असतो (गार्ड टायमरशी याचा संबंध नाही). कमांड देताना तो सूर थांबवून दुसरा सूर अधिक शक्तीने पाठवतो. आलेला सूर खरा की गोंगाटातून निर्माण झालेला, हे ठरवायला घेणाऱ्या कपलरला काही मिलिसेकंद ऐकावे लागते. ऐकण्याचा वेळ कमी केला तर कमांड लवकर मिळते, पण नसलेली कमांड ऐकू येण्याचा धोका वाढतो. आयईसी ६०८३४-१ हे मानक हवी ती कमांड पोचणे, नको ती न पोचणे आणि त्यासाठी लागणारा वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र तपासायला सांगते, त्यामागे हेच कारण आहे.

परमिसिव्ह कमांडला एक आधार असतो. कमांड खोटी आली तरी स्थानिक रिलेला बिघाड पुढे दिसल्याखेरीज ब्रेकर सुटत नाही. डायरेक्ट ट्रिपला असा कोणताही पहारेकरी नाही, कमांड आली की ब्रेकर सुटतो. म्हणून या वाहिनीवर डायरेक्ट ट्रिपच्या कमांडला कपलर अधिक वेळ ऐकतो, तिचा कपलरचा वेळ ३० मिलिसेकंद आहे, आणि तो तसाच राहील. दोन्ही कमांडना एकच वेळ देण्याची सूचना मी नाकारली.

२ जून

गार्ड टायमरचा हिशेब पूर्ण केला.

टायमरला पुरून उरावे लागेल असा काळ असा मांडता येतो : प्रवाह उलटल्यावर समोरच्या रिलेचे पुढचे तत्त्व सुटायला लागणारा वेळ, अधिक कॅरियर उतरायला लागणारा वेळ, अधिक कपलरची मुदतवाढ, आणि त्यातून वजा आपल्या रिलेचे पाठीमागचे तत्त्व सुटायला लागणारा वेळ. अठरा मेच्या घटनेचे आकडे घातले तर मुदतवाढीशिवाय १६ अधिक १४ वजा १३, म्हणजे १७ मिलिसेकंद येतात. मूळ २० चा आकडा बहुधा अशाच बेरजेतून आला असावा. मुदतवाढ धरली तर तोच काळ ६७ होतो.

पण एका घटनेच्या आकड्यांवर सेटिंग ठरवणे योग्य नाही. सीव्हीटीच्या क्षणिक प्रतिसादामुळे पुढचे तत्त्व सुटायला २५ मिलिसेकंदही लागू शकतात, कॅरियर उतरण्याचा वेळ पावसाळी गोंगाटात मोजलेल्या १७ ऐवजी २२ पर्यंत जाईल असे धरले, आणि पाठीमागचे तत्त्व कधी कधी ५ मिलिसेकंदांतच सुटते. या वाईट बाजूच्या आकड्यांनी २५ अधिक २२ वजा ५, म्हणजे ४२ मिलिसेकंद होतात. त्यावर एक आवर्तनाची, जवळपास २० मिलिसेकंदांची सवड ठेवून टायमर ६० मिलिसेकंदांवर ठेवण्याचे ठरवले. परमिसिव्ह कमांडची मुदतवाढ शून्य करायची आणि डायरेक्ट ट्रिपची १०० मिलिसेकंद तशीच ठेवायची.

मुदतवाढ काढल्यावर संमती पुरेसा वेळ टिकेल का, ही शंका बैठकीत उपस्थित झाली होती आणि ती रास्त होती. एका टोकाचा ब्रेकर फार जलद उघडला, तर तिथले तत्त्व सुटते आणि दुसऱ्या टोकाच्या रिलेने निर्णय घेण्याआधीच संमती नाहीशी होऊ शकते. अठरा मेच्या नोंदीवरूनच उत्तर मिळाले. पहिल्या सर्किटवर पश्चिमेने संमती १९ ते ७८ या काळात पाठवली, म्हणजे मुदतवाढ नसती तर पूर्वेला ती ४१ ते ९२ या काळात मिळाली असती, आणि पूर्वेला निर्णयासाठी दोनच मिलिसेकंद लागले. आणखी जलद ब्रेकर आला तरी पुरेशी जागा शिल्लक राहते.

६० मिलिसेकंदांची किंमत काय? बाहेरच्या बिघाडापाठोपाठ त्याच सर्किटवरही बिघाड झाला, तर कॅरियरचे सुटणे तेवढ्याने लांबते. झोन १ वर गार्डचा परिणाम होत नाही, आणि झोन २ चा, म्हणजे झोन १ च्या पलीकडे पाहून उशिरा सुटणाऱ्या टप्प्याचा, स्वतःचा वेळ ३५० मिलिसेकंद आहे. तेव्हा ही किंमत परवडणारी आहे.

५ जून

चार तासांचा शटडाउन मिळाला. दुसऱ्या सर्किटच्या दोन्ही टोकांना नवी सेटिंग घातली, पश्चिमेचा सहायक रिले काढून थेट जोडणी केली.

सेटिंग बदलण्याआधी जुन्या आकड्यांवर अठरा मेचा प्रसंग टेस्ट सेटवरून पुन्हा घडवून आणला, कारण जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती सुटली असे म्हणता येत नाही. दोन्ही टेस्ट सेट जीपीएसच्या एकाच ठोक्यावर सुरू केले : एक सेकंद भाराचा प्रवाह, मग ६२ मिलिसेकंद पश्चिमेला पाठीमागचा बिघाड, नंतर ३३ मिलिसेकंद तोच बिघाड पुढे, आणि पुन्हा भार. कॅरियर खऱ्या वाहिनीवरून जात होता. जुन्या सेटिंगवर पाचपैकी पाच वेळा पश्चिमेच्या रिलेने सुटण्याचा हुकूम दिला. नव्या सेटिंगवर दहापैकी एकदाही दिला नाही.

नंतर उलट बाजू तपासली. पाठीमागचा बिघाड पुढे सरकून तिथेच टिकून राहिला, असा प्रसंग दिला असता रिलेने प्रवाह उलटल्यापासून ७६ मिलिसेकंदांनी सुटण्याचा हुकूम दिला. पाठीमागचे तत्त्व सुटण्याचा वेळ आणि ६० चा गार्ड यांच्या बेरजेशी तो जुळतो.

शटडाउन परत करायला वीस मिनिटे उशीर झाला, कारण पूर्व टोकाला चाचणीसाठी काढलेली एक लिंक पुन्हा लावायची राहिली होती. कॅरियर फेलचा इशारा आला म्हणून ती लक्षात आली. यापुढे लिंकांची मोजणी शटडाउन परत करण्याच्या कागदावरच होईल.

९ जून

प्रकाशतंतूच्या वाहिनीचे काम सुरू केले. काचेतून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ६२ किलोमीटरना ०.३१ मिलिसेकंद. कमांड एका रिलेपासून दुसऱ्या रिलेपर्यंत ७ मिलिसेकंदांत पोचते, यातला प्रवासाचा भाग नगण्य आहे, वेळ जातो तो दोन्ही टोकांच्या यंत्रांत आणि संपर्कांत. परमिसिव्ह कमांडसाठी ही वाहिनी मुख्य आणि कॅरियर पर्यायी राहील. गार्ड टायमर मात्र कॅरियरच्या वेळेवरच ठेवला आहे, कारण तंतू तुटेल त्या दिवशीही तो पुरला पाहिजे.

खरी काळजी लाइन डिफरेन्शियल (दोन टोकांच्या प्रवाहांतला फरक पाहणाऱ्या) संरक्षणाची आहे, जे याच तंतूवर चालवायचे आहे. दोन टोकांचे रिले एकमेकांना प्रवाहाचे नमुने पाठवतात आणि संदेश जाऊन परत येण्याचा एकूण वेळ मोजून त्याचा निम्मा भाग एका दिशेचा वेळ मानतात. जाण्याची व येण्याची वाट सारखी असेल तरच हा निम्मा हिशेब खरा ठरतो. इथले दळणवळण कड्याच्या आकाराचे आहे : सरळ वाट ६२ किलोमीटर, दुसऱ्या बाजूची फेऱ्याची वाट सुमारे २४० किलोमीटर. आज एका बाजूचा प्रेषक तंतू काढून पाहिला, तेव्हा बिघडलेली एकच दिशा फेऱ्याच्या वाटेवर गेली आणि दुसरी दिशा सरळ वाटेवरच राहिली. दोन्ही दिशांतला फरक १.६ मिलिसेकंद आला. त्यातले जवळपास ०.९ मिलिसेकंद जास्तीच्या १७८ किलोमीटरांचे, उरलेले मधल्या उपकेंद्रांतील यंत्रांचे.

१.६ चा निम्मा, ०.८ मिलिसेकंद, ही रिलेच्या समजुतीतली चूक झाली. एका मिलिसेकंदाला १८ अंश, म्हणजे कोनाची चूक १४.४ अंश, आणि त्यातून वाहत्या भाराच्या पाव हिश्शाएवढा खोटा डिफरेन्शियल प्रवाह दिसतो. आज भार ४०० अँपिअर होता, खोटा प्रवाह शंभर दिसला, रिलेचा किमान टप्पा १६० वर आहे म्हणून काही घडले नाही. सातशे अँपिअरच्या भाराला हाच खोटा प्रवाह १७५ होईल, आणि मग फक्त रिलेच्या बायसवर, म्हणजे भाराबरोबर टप्पा वाढवणाऱ्या सोयीवर, विसंबून राहावे लागेल.

१२ जून

दळणवळण विभागाने दोन पर्याय दिले : दोन्ही दिशा नेहमी एकत्रच वळाव्यात अशी मांडणी, किंवा संरक्षणाचा मार्ग सरळ वाटेला कायमचा बांधून ठेवणे आणि तंतू तुटल्यास डिफरेन्शियल बंद पडू देणे. मी दुसरा सुचवला. वाट तुटल्यावर डिस्टन्स रिले (झोन १ आणि झोन २ पाहणारे) आणि कॅरियर हे स्वतंत्र संरक्षण हाताशी आहेच, आणि जे यंत्र बंद पडल्याचे सांगते ते चुकीचे चालणाऱ्या यंत्रापेक्षा मला अधिक विश्वासाचे वाटते. निर्णय दुसऱ्या पर्यायाचाच झाला.

१४ जून

कॅरियरच्या अनब्लॉक मुदतीची चाचणी. बिघाड ज्या सर्किटवर असतो, त्याच्याच तारांवरून त्याचा कॅरियर जात असल्यामुळे बिघाडातच तो विझण्याची शक्यता असते. गार्डचा सूर गेला आणि कमांडचा सूरही आला नाही, तर कपलर १५० मिलिसेकंदांपुरती संमती आहे असे धरतो आणि नंतर कॅरियर फेलचा इशारा देऊन बंद होतो. मोजलेली मुदत १४८ आली. बदल नाही.

१८ जून

प्रकल्पाच्या कक्षेत नसलेले, पण त्याच उपकेंद्रातून निघणारे ११० केव्हीचे एक फीडर आज पाहिले. ते एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीकडे जाते. आपल्या भागात असे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वाहिन्यांचे संरक्षण ऋतूप्रमाणे बदलते, ही गोष्ट सेटिंगच्या तक्त्यात क्वचितच उतरलेली दिसते. गळीत हंगामात कारखान्याची जनित्रे बिघाडाला प्रवाह पुरवतात आणि तिथल्या रिलेला बिघाड दिसतो. हंगाम संपला की ते टोक निर्जीव होते, तिथला रिले काहीच पाहत नाही, संमती पाठवत नाही, आणि उपकेंद्राच्या टोकाला झोन २ चे पूर्ण ३५० मिलिसेकंद वाट पाहावी लागते.

यासाठी इको ही सोय आहे. दुबळ्या टोकाला संमती आली आणि त्याला बिघाड पुढेही दिसत नसेल आणि पाठीमागेही, तर ते टोक आलेली संमती तशीच परत पाठवते. इथे ती चालू होती, पण आलेली कमांड पडताळण्याचा विलंब शून्य होता. एखादी क्षणिक खोटी कमांडही परत पाठवली गेली असती. तो ४० मिलिसेकंद केला. परतीची कमांड ५० मिलिसेकंदांपुरती मर्यादित ठेवली आणि तिच्यानंतर काही काळ पुन्हा इको होऊ नये असे बांधले, कारण दोन्ही टोकांना इको चालू असेल तर तीच संमती दोन्ही बाजूंना आदळत राहू शकते. जूनमध्ये कारखाना बंद असल्याने दुबळ्या टोकाची चाचणी खऱ्या स्थितीत झाली. हंगाम सुरू झाल्यावर पुन्हा एकदा यावे लागेल.

२४ जून

वेळांचा एकत्रित तक्ता तयार झाला. रिले, कपलर आणि दळणवळण या तिघांचे प्रत्येक मिलिसेकंदाचे सेटिंग एकाच पानावर, मोजलेल्या आकड्यांसह, आणि खाली गार्ड टायमरची बेरीज. तिघांपैकी कोणीही आपला आकडा बदलला तर बेरीज पुन्हा करून दोन्ही टोकांच्या अभियंत्यांची सही घ्यायची, असे ठरले. पश्चिम टोकाच्या सहायक अभियंत्यांनी सुचवल्याप्रमाणे पानाच्या मागे चालकांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चार ओळींची सूचना छापली आहे.

हे पान आवश्यक का, याविषयी मला एक संदर्भ द्यावासा वाटतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड देशाच्या उर्वरित ग्रिडशी एका तालात जोडले गेले. तेव्हापासून सीमाभागातील बिघाडाला दोन्ही अंगांनी प्रवाह मिळू शकतो, आणि जुन्या काळी एकाच बाजूने वाहणाऱ्या वाहिन्यांसाठी पुरेसे वाटणारे आकडे नव्याने तपासावे लागतात.

३ जुलै

काल रात्री दुसऱ्या सर्किटवर बिघाड झाला, वाहिनीच्या जवळपास मध्यावर. दोन्ही टोकांनी तो झोन १ मध्ये पाहिला आणि दोन्ही ब्रेकर दोन मिलिसेकंदांच्या फरकाने उघडले. पहिले सर्किट सुरळीत राहिले. परंतु प्रवाह उलटण्याची वेळच आली नाही, त्यामुळे नव्या गार्ड टायमरची निसर्गाने घेतलेली परीक्षा ही नव्हे. नोंदीतून एवढेच मिळाले की पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा कॅरियर, सहायक रिले काढल्यावर, १८ मिलिसेकंदांत पोचला.

पूर्व टोकाचे दोन्ही सहायक रिले आणि पहिल्या सर्किटचा पश्चिमेचा सहायक रिले अजून जागेवर आहेत. पहिल्या सर्किटवर मुदतवाढ शून्य आणि गार्ड ६० हे बदल १० जूनला झाले, जोडणीचा बदल पावसाची उघडीप मिळाल्यावर पुढच्या शटडाउनमध्ये करायचा आहे. तोवर एकत्रित तक्त्यात त्या दिशांसमोर २२ हाच आकडा राहील.